खरेदीपूर्व अश्वतपासणी

खरेदीपूर्व अश्वतपासणी : घोडा विकत घेण्याआधी पशुवैद्यकाने ग्राहकाच्या वतीने केलेली तपासणी. घोडा ‘पास’ की ‘नापास’, असा निकाल तिच्यातून लागत नाही. ज्या कामासाठी तो घ्यायचा आहे, त्या कामाला तो पुरेल का, एवढेच पशुवैद्यक सांगतो. म्हणून काम आधी सांगावे लागते : वरातीत संथ चालणाऱ्या घोडीत जे चालून जाते, ते रोजच्या रपेटीच्या घोड्यात चालत नाही. विक्रेत्याच्या नेहमीच्या पशुवैद्यकाकडून ही तपासणी करून घेऊ नये.

स्वस्त घोड्याच्या बाबतीत तपासणीची फी किमतीच्या मानाने जड वाटते आणि तीच वाचवली जाते. पण चंदी, वैरण, नालबंदी आणि औषधपाणी यांचा खर्च स्वस्त घोड्यालाही तेवढाच येतो, लंगड्याला तर जास्तच. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या किंवा माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेतील बाजारात भाव कमी सांगितला की पहिला प्रश्न ‘का?’ हाच असावा. वय झालेले, शिकवण नाही, चावरेपणा, शर्यतीतून बाद होताना दुखावलेली पायाची शीर (कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), अशी कारणे असू शकतात. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्याला अशुभ मानून भाव पडला असेल, तर मात्र ग्राहकाचा फायदाच. भोवऱ्याचा प्रकृतीशी काही संबंध नाही.

ब्रिटनमध्ये ही तपासणी पाच टप्प्यांची असते : उभ्या घोड्याची पाहणी, हाताने चालवणे व दुडकी, स्वाराखाली मेहनत, विश्रांती आणि पुन्हा दुडकी. कमी किमतीच्या घोड्यासाठी तेथेही अनेक जण पहिल्या दोन टप्प्यांवर थांबतात. त्यात हृदय व श्वास यांचे मेहनतीखाली दिसणारे दोष निसटतात, हे मात्र गृहीत धरावे लागते.

घोडा ठाणावरून निघण्याआधीच पाहावा. आखडलेले सांधे थोड्या फिरवण्याने मोकळे होतात, म्हणून विक्रेता तो आधीच ‘गरम’ करून ठेवतो. शांत घोड्याची नाडी जबड्याखालच्या धमनीवर मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. मध्येच एखादा ठोका चुकला म्हणून घाबरू नये. मेहनतीनंतर ठोके नियमित झाले, तर तो सहसा निरुपद्रवी असतो. वयासाठी दात पाहतात. दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने बदलतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. खालच्या दातांतले खळगे सुमारे सहाव्या, सातव्या व आठव्या वर्षी क्रमाने झिजून जातात. वरच्या कोपऱ्याच्या दातावरची उभी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते. त्यापुढचे वय हा अंदाजच, आणि खळगे कोरून म्हातारा घोडा तरुण करण्याची लबाडीही जुनीच आहे.

खरा वेळ पायांना द्यावा. गुडघ्याखालच्या मागच्या शिरेवर बोटे फिरवावीत. कमानीसारखा फुगवटा म्हणजे शीर पूर्वी फाटलेली आहे. चारही खूर उचलून तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग पाहावा. काळा, दुर्गंधी स्राव म्हणजे तो कुजू लागला आहे. खुरावरची वलये टाचेकडे रुंदावत गेली असतील, तर खुराच्या आतल्या पडद्यांचा दाह कधीतरी होऊन गेला असावा. मग कडक, सपाट जमिनीवर सैल दोरीने सरळ दुडकी. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागच्या लंगडीत दुखऱ्या बाजूच्या पुठ्ठ्याची वरखाली हालचाल जास्त दिसते. सांधा मिनिटभर मुडपून लगेच दुडकी करवणे उपयोगी, पण चांगले घोडेही त्यावर एखाददुसरे पाऊल लंगडतात. स्वस्त घोडा सरळ दुडकीतच लंगडला, तर क्ष-किरणावर पैसे घालण्यापेक्षा दुसरा पाहावा.

फेनिलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकाने लंगडणे तात्पुरते झाकता येते. डोके लोंबते, ओठ सैल, नराचे लिंग बाहेर लटकलेले असेल, तर गुंगीच्या औषधाचा संशय घ्यावा. ब्रिटनमध्ये यासाठी रक्ताचा नमुना साधारण सहा महिने राखून ठेवतात. आपल्याकडे ही सोय सहसा नसते. म्हणून न कळवता दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणे हा साधा उपाय.

बाजारातून घेताना ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी टाळू नये. एका नाकपुडीतून चिकट स्राव, जबड्याखाली कठीण गाठ, मागच्या पायाच्या आतल्या अंगाला फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे, पण ती नसतानाही रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो कळवावाच लागतो, आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला मारावे लागते. सर्रा या माशांमार्फत पसरणाऱ्या रोगावर उपचार आहे. मधूनमधून ताप, पांढुरक्या हिरड्या आणि खाऊनही रोडावणे दिसल्यास रक्त तपासावे. अहवालाला काही दिवस लागतात. म्हणून विसार देतानाच ‘अहवाल वाईट आल्यास रक्कम परत’ असे लिहून घ्यावे आणि तोवर घोडा घरच्या जनावरांपासून वेगळा बांधावा.