सहाव्या वर्षी येणारी दाढ

मूल सहा वर्षांचं झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष पुढच्या हलणाऱ्या दाताकडे असतं. त्याच सुमारास तोंडात पार मागे, दुधाच्या दाढांच्याही पलीकडे, नवी दाढ वर येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं सहसा कळत नाही. कळलं तरी 'दुधाची असेल, पडेल' म्हणून सोडून देतात. पण ती पक्की दाढ असते, जन्मभर वापरायची.

तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, काही तर इतक्या अरुंद की ब्रशचा केसही आत शिरत नाही. तिथे दडलेले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, झिजू लागतं. मुलाने रोज नीट दात घासले तरी या खाचा स्वच्छ होत नाहीत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. अशा वेळी मुलाला रागावण्यात अर्थ नसतो.

या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेच्या माथ्यावर बसवायच्या पातळ थराने, बुजवता येतात. मुळात गुळगुळीत, ओलसर दाताला काही चिकटून राहणं कठीण. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे दंतसंशोधक मायकेल ब्युनोकोर यांनी 1955 साली तेच दातावर लावून दाखवलं. आम्लाने एनॅमलला सूक्ष्म छिद्रं पडतात, पातळ रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, त्यांत उतरून घट्ट बसतं. आजही पद्धत तीच: दाढ साफ करायची, काही सेकंद आम्लाची जेल, धुऊन कोरडी केली की पांढुरकी दिसते, मग सीलंट आणि ते कडक व्हावं म्हणून त्यावर निळा प्रकाश. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. लाळ मात्र लागता कामा नये. लागली तर सीलंट लवकर निघतं. दाढ अर्धवटच वर आलेली असेल तर ओलावा सोसणारं ग्लास आयोनोमर नावाचं सीलंट वापरतात.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, माहितीनुसार सीलंटमुळे मागच्या दातांतली सुमारे 80 टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते. पुढे हे संरक्षण कमी होत जातं, म्हणून दर तपासणीत सीलंट शाबूत आहे का ते पाहून घ्यावं. खड्डा न पडलेली सुरुवातीची कीडही त्याखाली सहसा थांबते, कारण जिवाणूंची रसद तुटते. दोन दातांमधल्या फटीत मात्र सीलंट पोहोचत नाही. तिथे फ्लोराइडची पेस्ट आणि फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोराच हवा.

दुसरी पक्की दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते. तोवर मुलं स्वतःच दात घासू लागलेली असतात आणि त्यांच्या तोंडात कुणी डोकावत नाही. त्या वयातही एकदा डेंटिस्टकडे नेऊन सीलंटबद्दल विचारा.