नळी बदलूनही डिझेल गळतच राहते, तेव्हा काय तपासावे?

जनरेटर, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टर किंवा बॅकहो लोडर यांच्या इंजिनाची डिझेलची नळी एकदा गळली, ती बदलली आणि पुढे काही वर्षे तिच्याकडे पाहावे लागले नाही, तर ती नळी केवळ जुनी झाली होती असे समजावे. मात्र त्याच जागची नळी एका हंगामात दोनदा-तीनदा गळू लागली, तर दोष बहुधा नळीत नसून तिच्या टोकाशी, तिच्या मार्गात किंवा तिच्यापुढील अडथळ्यात असतो. तो शोधल्याशिवाय नळी बदलून देणे आम्हाला योग्य वाटत नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे एका नळीच्या कामाला कधी कधी तासभर लागतो.

सेकंदाला एक थेंब एवढी किरकोळ वाटणारी गळती दिवसभरात दोन लिटरांहून अधिक डिझेल घालवते. शिवाय ते डिझेल इंजिनाच्या रबरी माउंटिंगवर (इंजिन ज्यावर टेकते त्या आधारांवर) आणि पट्ट्यावर पडून त्यांचे रबर फुगवते, तसेच रेडिएटरच्या जाळीवर धुळीचा चिकट थर बसवते. त्याहून गंभीर बाब अशी की डिझेल सुमारे २१० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाला ठिणगीशिवाय पेटू शकते, आणि लोडवर चालणाऱ्या इंजिनाचा टर्बो व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) याहून कितीतरी अधिक तापलेला असतो.

गळतीची खरी जागा

जिथून थेंब पडतो तिथेच गळती असते असे नाही, कारण डिझेल नळीच्या अंगाने खाली उतरते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे फेकले जाते. इंजिन थंड असताना तो भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा, सांध्यांवर खडूची भुकटी पातळशी लावावी, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करावे आणि भुकटी सर्वांत वर कुठे ओली झाली ते पाहावे.

ही पद्धत टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात मात्र अनेकदा फसते. तिथे डिझेल दाबाने ढकलले जात नाही, तर ओढले जाते. त्यामुळे इंजिन चालू असताना नळीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे, सुरू होऊन लगेच बंद पडणे, लोड दिल्यावर दम तोडणे आणि पुन्हा पुन्हा हँड प्रायमर (नळीतील हवा काढण्याचा हातपंप) मारावा लागणे, म्हणजेच ‘इंजिन एअर घेते’ असे मिस्त्री म्हणतात ते सारे, याच भागातील सैल सांध्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी आम्ही फीड पंपाच्या आधी डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहतो.

तीच नळी पुन्हा का गळते

सर्वाधिक आढळणारे कारण मापातील तफावत हे आहे. निप्पल (नळी जिच्यावर चढते ती धातूची तोटी) ८ मिमीचे असेल, तर ५/१६ इंची नळी त्यावर घट्ट बसते, कारण तिचे आतील माप ७.९ मिमी असते. परंतु दुकानात हाताशी आली म्हणून ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिमीची नळी चढवली, तर क्लॅम्प आवळताना रबराची चुणी पडते आणि डिझेल त्या चुणीतून वाट काढते. मग क्लॅम्प आणखी आवळला जातो, आणि खाचांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प रबरात रुतून नळी कापतो. लहान नळीसाठी आतून गुळगुळीत असलेला, नट-बोल्टचा क्लॅम्प वापरावा. निप्पलवर गंज किंवा जुना क्लॅम्प काढताना पडलेला उभा ओरखडा असेल, तर कोणतीही नळी तिथे टिकणार नाही. निप्पलच बदलावे लागते. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतील छिद्रातून डिझेल जाते तो पोकळ बोल्ट) उघडला की त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत, कारण एकदा दाबलेले तांबे कडक होते आणि पुन्हा नीट बसत नाही.

दुसरे कारण नळीच्या रबराचे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण मानकाचे) इंधन आले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील इतर घटकही बदलतात, आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले नायट्राइल रबर (इंधनाच्या साध्या नळ्यांचे रबर) अशा इंधनात आकसू शकते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या इंजिनांच्या पंपांची रबरी सील याच कारणाने गळू लागली होती. उलट, बायोडिझेलचे प्रमाण जास्त असल्यास हेच रबर फुगते व मऊ पडते. म्हणून गरम जागेसाठी किंवा बायोडिझेल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी आम्ही व्हायटॉनचे (उष्णता व इंधन सोसणाऱ्या रबराचे) अस्तर असलेली, अंगावर ‘एसएई जे३० आर९’ हे इंधन-नळीचे मानक छापलेली नळी सुचवतो. ती महाग पडते, पण दर हंगामात काम थांबण्यापेक्षा स्वस्त असते.

तिसरे कारण सहसा कोणी पाहत नाही. आमच्याकडे कॅनोपीतील (पत्र्याच्या बंद पेटीतील) एका जनरेटरची ओव्हरफ्लोची, म्हणजे उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी महिन्याभरात तीनदा निसटली होती, आणि प्रत्येक वेळी नवी नळी बसवली गेली होती. जनरेटर हलवताना टाकीकडे परत जाणारा पाइप पत्र्याच्या कडेखाली चेपला होता. इंजेक्टरकडून (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाकडून) परतणाऱ्या डिझेलला वाट न मिळाल्याने दाब वाढून सर्वांत कमजोर सांधा सुटत होता. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की याउलट घडते: टाकीत पोकळी निर्माण होऊन ओढीच्या बाजूची मऊ नळी आत चिपटते.

इंजिन हलते आणि चासी हलत नाही, त्यामुळे या दोहोंमधील नळीला थोडी ढील हवी व तिला पत्र्यापासून दूर धरणारी रबरी अस्तराची क्लिप हवी. माउंटिंग दबून खराब झाले असेल, तर आधी ते बदलावे. शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्राची नळी उंदरांनी कुरतडली आहे का, हेही पाहावे.

हे कृपया करू नये

सायकलच्या ट्यूबची पट्टी डिझेलमध्ये फुगून चिकट होते. पाण्याची पारदर्शक पीव्हीसी नळी काही आठवड्यांत कडक होऊन तडकते. टेफ्लॉन टेपचे धागे सुटून इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतात.

पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या पोलादी पाइपची गळती हाताने चाचपून कधीही पाहू नये आणि इंजिन चालू असताना त्याचा नट सैल करू नये. कॉमन रेल इंजिनात (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या पाइपमधून डिझेल मिळते त्या इंजिनात) हा दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली आणि दुखत नसली, तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे व डॉक्टरांना दाबाखालील डिझेल शरीरात गेल्याचे स्पष्ट सांगावे.

आमच्याकडे येताना काढलेली जुनी नळी क्लॅम्पसह आणावी, तिचे इंजिनाकडील टोक खुणेने दाखवावे आणि मागील नळी किती तास चालली हे सांगावे. कापलेल्या किंवा घासलेल्या जागेवरून कारणाचा शोध बराच सोपा होतो.