पार्श्वभूमी : आदिवासी पट्ट्यातला मेटाबॉलिक सिंड्रोम आणि कमरेच्या मापाचा घोळ

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे साखर, बीपी, पोटावरची आणि रक्तातली चरबी यांचा एकत्र बिघाड. साखर आणि बीपी हे पेठांतल्या, बसून कामं करणाऱ्यांचे आजार, असं पुण्यात वर्षानुवर्षं मानलं गेलं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्या, मावळ-मुळशीतल्या कातकरी वस्त्या या हिशेबात कधी आल्याच नाहीत. तिथला प्रश्न कुपोषणाचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

डोंगरउतारावरची नाचणी, वरई, सावा, रानभाज्या, ओढ्यातले खेकडे हा तिथला जुना आहार. तोही पावसाळ्यात अपुरा पडायचा. १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं आणि रानात जाण्या-येण्यावर बंधनं आली. डिंभे धरणात नदीकाठची भातखाचरं गेली. मग नारायणगावच्या मजूर बाजारात उभं राहायचं आणि टोमॅटो-द्राक्षांच्या मळ्यांत राबायचं. दिवसभराचा आधार गोड चहा, बिस्किटं, वडापाव. भूक मारायला मिश्री, अंगदुखीला दारू. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यही होतं, किलोला १ रुपया दराने. रेशन दुकानात आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. त्यांनी उपासमार आटोक्यात आणली, हे मान्यच करायला हवं. पण ताटातली नाचणी मागे पडली.

पण हा बिघाड तिथे ओळखायचा कसा? खरा वाद या मोजमापाचा आहे. कमर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगलं कोलेस्टेरॉल या पाचांपैकी कोणतेही तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम, हा निकष २००१चा. त्यात कमरेची मर्यादा पुरुषांना १०२ आणि बायकांना ८८ सेंटिमीटर होती. २००५मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी ती ९० आणि ८० झाली, ते योग्यच झालं. पण त्याच वेळी वाढलेली कमर सक्तीची अट ठरली. म्हणजे ७४ सेंटिमीटर कमरेच्या बाईचे बाकी चारही आकडे बिघडले असले, तरी ती यादीबाहेर.

हा निर्णय मला चुकीचा वाटतो, कारण उलट पुरावा तोवर पुणे जिल्ह्यातूनच पुढे आला होता. १९९०च्या दशकात इथल्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली गेली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांहून बरंच कमी. स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकलेली. ही खेडी आदिवासी नव्हती. पण पोटात असल्यापासून अर्धपोटी वाढलेल्या देहाला कमी वजनातही साखरेचा धोका असू शकतो, हे त्यातून दिसलं होतं.

२००९मध्ये कमरेची सक्ती उठली, पण कागदावरच. वाडीवरच्या तपासणीत बीपीचं यंत्र, बोटातल्या थेंबावर साखर आणि टेप एवढंच असतं. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल या रक्तातल्या चरबीच्या दोन तपासण्यांना प्रयोगशाळा लागते. पाचांतले दोन मोजलेच नाहीत, तर तीन भरायला उरलेले तिन्ही बिघडलेले हवेत, आणि त्यात कमर आलीच.

तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यातही ८० आणि ९०च्या पुढच्या कमरेला गुण आहेत. तंबाखू, रोजची दारू आणि आठवड्याला १५० मिनिटांहून कमी व्यायाम यांनाही आहेत. दिवसभर वाकून निंदणारी बाई व्यायामात अर्थातच पास होते. घरात कुणाला बीपी-साखर होती का, या प्रश्नाला उत्तर येतं ‘नाही’, कारण आधीच्या पिढीची तपासणीच झालेली नसते. वर्षातले किती महिने मजुरीसाठी बाहेर जातात आणि रेशनखेरीज घरात कोणतं धान्य येतं, याला गुण नाहीत.