वाळू: पात्रातून खाणीपर्यंत

झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, व्हिडिओ पायरेट अशांना स्थानबद्ध करण्यासाठी महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे. बातम्यांत त्याला एमपीडीए म्हणतात. २०१५ च्या दुरुस्तीने त्याच्या लांबलचक नावात आणखी एक मंडळी घुसली: वाळू तस्कर. हरित इमारतींच्या गप्पा सोलर पॅनेल आणि प्रमाणपत्रांवर रंगतात, पण आपल्याकडे पर्यावरणाचा प्रश्न साइटवर आला तो वाळूच्या ट्रकमधून.

वाड्यांच्या काळातही वाळू लागायचीच. चुन्याच्या घाणीत बैल दगडी चाक ओढत आणि चुन्याबरोबर वाळू मळली जाई. पण ते काम बैलाच्या चालीने चाले. सिमेंट-काँक्रीट आलं आणि हिशेब ब्रासमध्ये सुरू झाला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुंबईची रेती ठाणे, कळवा, मुंब्र्याच्या खाडीतून येई. रेतीबंदर हे नाव तिथं अजून टिकून आहे. डुबीवाले बादली घेऊन तळाशी बुडी मारत. पुढे सक्शन पंप आले आणि माणसाच्या दमाची मर्यादाही संपली.

देशावर भीमा, गोदावरी, सीनेच्या पात्रांत तेच झालं. वाळूचा थर पुराचं पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना सावकाश पुरवतो. तो खरवडला की पाणी वाहून जातं, विहिरी खाली जातात. गावाला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

अलिबागजवळच्या किहीममध्ये २००४ साली वाळूउपसा अडवायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलाली यांना मारहाण झाली. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये राज्यातल्या वाळूउपशावर बंदी आणली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांखालच्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तोवर पट्ट्याचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि मंजुरी चुकवायची, ही पळवाट सर्रास होती.

वाळूपट्ट्यांचे लिलाव रखडले, भाव चढले, आणि बिल्डर क्रश सॅन्डकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूकडे वळले. हे मन:परिवर्तन वगैरे नव्हतं, नाइलाज होता. कागदही मागून आले: काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३ १९७० सालच्या आवृत्तीत ‘नैसर्गिक स्रोतांतून’ मिळणाऱ्या मालापुरतं होतं. २०१६ च्या आवृत्तीच्या नावातून ते शब्द गेले आणि कृत्रिम वाळूला उघड जागा मिळाली.

सरकारची धोरणं मात्र हेलकावत राहिली. २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने वाळू देणारे सरकारी डेपो निघाले, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावपासून. दोन वर्षांत ते गुंडाळून पुन्हा लिलाव आले. मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर झालं आणि तिच्यावर सरकारला द्यायची रॉयल्टी ब्रासमागे ६०० वरून २०० रुपयांवर आली.

क्रश सॅन्ड बेसाल्टच्या काळ्या दगडाची, म्हणजे नदी सुटली तरी डोंगर सुटत नाही. साइटवरचा गवंडीही पूर्ण राजी नाही. स्लॅबला काळी वाळू तो खुशाल चालवून घेतो; गिलाव्याचा दिवस आला की विचारतो, ‘नदीची मिळंल का दोन ब्रास?’