लांबचा रस्ता, पण कमी वेळ : दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को

पुण्या-मुंबईचे कितीतरी आईबाबा बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, मुलांकडे जातात आणि तिकीट बघताना हमखास विचारतात, जायला वेगळे तास, यायला वेगळे तास, असं का, अंतर तर तेवढंच ना?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण १२,४०० किमी आहे. सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नाही हां, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येईल ते, आणि तो दोरा तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असा जातो. पण विमानं सहसा तिबेट टाळतात, कारण केबिनमधलं प्रेशर गेलं तर पटकन तीनेक किमी उंचीपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच सरासरी साडेचार किमी उंच आहे.

आधी एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून जायचं, १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली, पूर्वेकडे निघून पॅसिफिकवरून गेले. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरीही साडेचौदा तासांत पोचले, जवळपास दोन तास आधी! भागाकार करून बघा, ताशी सरासरी १,०५५ किमी येतात, विमान स्वतः साधारण ९०० ने उडतं, मग वरचे दीडशे आले कुठून?

वाऱ्यातून. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, हिवाळ्यात तर कधीकधी ताशी ३०० किमीच्याही वर. जपानचे हवामान शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण रिपोर्ट एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला आणि बाहेर फारसा कोणी वाचलाच नाही. इतकं मोठं काम असं पडून राहिलं याचं मला फार वाईट वाटतं.

बऱ्याच जणांना वाटतं की पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेकडे जाताना वेळ वाचायला हवा, पण तसं होत नाही कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं, जमिनीच्या हिशेबात वेग ताशी १,२०० किमीच्या वर गेला होता, पण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत तो नेहमीचाच होता, त्यामुळे आवाजाचा वेग वगैरे काही ओलांडला नाही.

म्हणूनच त्याच रस्त्याने परत येताना वारा समोरून येतो आणि वेळ वाढतो. पण येताना अटलांटिकवरून आलं तर वारा पुन्हा पाठीशी, म्हणजे जातानाही पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच, एका रिटर्न ट्रिपमध्ये पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा! अर्थात कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे तेही बघावं लागतं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या फ्लाइट्सना वळसा पडला, तिथे वारा कितीही चांगला असला तरी काय उपयोग.