कॉल लागला की हेडसेटचा आवाज का बिघडतो?

ब्लूटूथ हेडसेटवर गाणं सुरेख वाजतं. त्याच हेडसेटवर ग्राहकाचा कॉल घेतला की आवाज एकदम चपटा होतो. सपोर्टचं काम करणारे कित्येकजण माइकला नाहीतर बॅटरीला दोष देतात. खोक्यावर तर '२० ते २०,००० हर्ट्झ' असं ऐटीत छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण तो आकडा कानातल्या स्पीकरचा. कॉलच्या वेळी तेवढं सगळं रेडिओवरून येतच नाही.

गाणं एकाच दिशेनं येतं. हेडसेट थोडा साठा करून ठेवतो आणि एखादं पॅकेट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, वाटेत बिघडलं तर पुन्हा मागवतो. बोलताना ही चैन परवडत नाही. एका बाजूचा उशीर साधारण १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून माइक सुरू होताच हेडसेट दुसऱ्या पद्धतीवर जातो. तिच्या जुन्या रूपात प्रत्येक दिशेला सेकंदाला फक्त ६४,००० बिट्स मिळतात.

एवढ्याशा बिट्समध्ये आवाज बसवणाऱ्या युक्तीचं नाव सीव्हीएसडी, आणि ती मला भलतीच आवडते. एरवी ध्वनिलहरीची उंची आकड्यात मोजतात. इथे उंची सांगतच नाहीत. सेकंदाला ६४,००० वेळा एकच प्रश्न: लहर अंदाजापेक्षा वर आहे की खाली? उत्तर एका बिटात. पलीकडचं यंत्र त्या उत्तरांवरून एकेक पायरी चढत-उतरत लहर पुन्हा उभी करतं. पायरी ठरावीक उंचीची असती तर झपकन उसळलेल्या लहरीला तिनं गाठलं नसतं आणि हळू आवाजात उगाच खरखर झाली असती. म्हणून सलग चार बिट्स सारखे आले की पायरी मोठी होते. एरवी ती हळूहळू लहान होत जाते. गंमत म्हणजे पायरीची उंची कळवावीच लागत नाही, कारण दोन्ही टोकं तेच बिट्स बघून तोच हिशेब करतात! एखादा बिट चुकला तर थोडीशी खरखर होते आणि ती चूक आपोआप विरते.

हे बिट्स ३० बाइट्सच्या पॅकेटांतून जातात. एका पॅकेटात ३.७५ मिलिसेकंदांचा आवाज. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ चॅनेलांवर सेकंदाला १,६०० उड्या मारत हे चालतं. वायफायनं गजबजलेली चॅनेलं वगळली जातात, मात्र किमान २० राखली जातातच. हेडी लामार या अभिनेत्रीनं ब्लूटूथ शोधलं, असं फिरत असतं. तिनं आणि संगीतकार जॉर्ज अँथिलनं १९४२ मध्ये टॉर्पेडोच्या नियंत्रणासाठी अशा उड्यांचं पेटंट मिळवलं, ते खरंच. पण तेवढ्यानं ब्लूटूथ तिच्या नावावर जमा होत नाही.

जुन्या पद्धतीत सुमारे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही. 'स'ची बरीचशी सळसळ मात्र त्याच्याही वर असते. म्हणून ग्राहक सीरियल नंबर सांगतो तेव्हा 'एस' की 'एफ' असं पुन्हा विचारावं लागतं. नवी एमएसबीसी पद्धत लहरीची उंचीच सेकंदाला १६,००० वेळा मोजते आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ८,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचवू शकते, त्यामुळे फरक लगेच जाणवतो; पण ती हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांनाही यायला हवी. शिवाय पलीकडून साधी टेलिफोन लाइन असेल तर तिथेच ३,४०० हर्ट्झच्या आसपास कात्री लागलेली असते. महागडा हेडसेट ते परत आणू शकत नाही.

हेडसेटला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' चकत्याही विकल्या जातात. बहुतेक हेडसेटचा रेडिओ जेमतेम २.५ मिलिवॉटच्या लहरी सोडतो. चकतीनं त्या लहरी खरोखरच अडवल्या, तर आधी कॉलच तुटेल.

एक पळवाट आहे: सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडायचा, म्हणजे हेडसेट गाण्याच्याच पद्धतीवर राहतो. ग्राहक स्वच्छ ऐकू येतो, पण साठ्यामुळे जरा उशिरा. आणि आपल्या माइकमधून शेजारच्या टेबलांवरचे कॉलही त्याला ऐकू जातात. सपोर्टच्या कामाला हा सौदा महागच.