घामाने मोजलेलं अंतर

लांबच लांब चढ, मागे पंधरा-वीस किलोचं सामान आणि समोरून झोंबणारा वारा. अशा वेळी सायकलस्वाराला थांबवून विचारा, तो काही ‘मजा येतेय’ असं म्हणणार नाही. पण महिन्याभराने तोच नकाशा पसरून पुढच्या प्रवासाची आखणी करत बसलेला असतो. इतके कष्ट माणूस आपणहून, पदरमोड करून का घेतो?

थोडं उत्तर स्मरणशक्तीत सापडतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा 60 सेकंद 14 अंशांच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तसेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. अनुभव किती वेळ चालला याचा हिशोब मन फारसा ठेवत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट तेवढा जपतं. सायकलवरचा दिवस अगदी याच साच्यातला. खिंड गाठल्याचा क्षण, मग उतार, मग मुक्काम. मधले चार तास विरून जातात.

पण नुसतं विसरणं पुरेसं नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आतून येणाऱ्या ऊर्मीला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवण्याची मोकळीक, ‘मला जमतंय’ हा अनुभव आणि माणसांशी जोडलेपण. यातली दुसरी मला सायकलप्रवासात सर्वांत ठळक दिसते. कापलेलं प्रत्येक किलोमीटर आपल्याच पायांचं असतं. त्यात दुमत नाही, वशिला नाही.

शरीरही साथ देतं. 2003 साली विद्यार्थ्यांना सुमारे पन्नास मिनिटं धावायला किंवा स्थिर सायकल चालवायला लावलं, तेव्हा त्यांच्या रक्तात अ‍ॅनंडामाइडचं प्रमाण वाढलेलं आढळलं. गांजातला घटक मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) काम करतो, त्यांनाच हा रेणू चिकटतो. त्याच्या नावात संस्कृतातला ‘आनंद’ आहे, 1992 साली तो शोधणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला!

शिवाय सायकल हे विलक्षण काटकसरी यंत्र आहे. तेवढंच अंतर चालायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात ते सायकलवर होतं. म्हणून दिवसाला ऐंशी किलोमीटर शक्य होतात, तरीही ओल्या मातीचा वास आणि कुणी हात हलवून केलेला नमस्कार सुटत नाही. वेग आणि भान यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या वाहनात मला तरी आढळलेला नाही.

थॉमस स्टीव्हन्स 1884 साली उंच चाकाच्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. धड रस्ते नव्हते. बरंचसं अंतर त्याने सायकल ढकलत, चालत काढलं. ऑगस्टमध्ये तो बॉस्टनला पोहोचला. अख्खी अमेरिका ओलांडून झाली होती, तिथे थांबता आलं असतं. पुढच्या वर्षी तो जहाजाने इंग्लंडला गेला, पुन्हा सायकलवर बसला आणि 1886 च्या डिसेंबरात जपानमधल्या योकोहामाला जाऊन उतरला.